आंब्याच्या पट्ट्या आणि पर्लचा अडलेला हिशेब

२ जून २०२५ रोजी आमच्या आंबा बागायतदार संस्थेच्या हिशेबाचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पर्ल नावाची संगणकाची एक भाषा आहे आणि आमच्या पट्ट्यांची बेरीज त्या भाषेतील एका जुन्या प्रोग्रॅमवर होते, एवढेच मला ठाऊक होते. पुढच्या दहा आठवड्यांत त्या प्रोग्रॅमने मला अनेकदा अडवले आणि प्रत्येक वेळी मला कोणाकडे तरी विचारावे लागले. कोणाला, कसे आणि काय घेऊन विचारायचे हे मला कोणी आधी सांगितले असते तर निम्मे आठवडे वाचले असते, म्हणून हे सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे. प्रोग्रॅममधील आज्ञांची नावे मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करावी लागतात.

आमची संस्था रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या परिसरातील लहान-मोठ्या बागायतदारांची आहे. हंगामात प्रत्येकाच्या पेट्या वाशीच्या बाजारात जातात आणि तिकडून पट्टी येते: किती पेट्या, डझनाला काय दर, हमाली किती, गाडीभाडे किती. प्रत्येक पट्टीची एक ओळ साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायची, रकाने उभ्या रेषेने वेगळे करायचे आणि हंगाम संपला की प्रोग्रॅम चालवून सभासदनिहाय बेरीज काढायची, अशी पद्धत होती. यंदा अशा सुमारे अडीच हजार ओळी होत्या. लेखापरीक्षकांनी ही यादी ३१ जुलैपर्यंत मागितली होती, कारण ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि त्याआधी अहवाल छापून सभासदांच्या हाती पडायला हवा.

आधीचे लेखनिक मुलाकडे पुण्याला गेले होते. मी त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी फार आपुलकीने सांगितले की प्रोग्रॅम त्यांनी लिहिलेला नाही. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने बऱ्याच वर्षांपूर्वी लिहून दिला होता आणि ते फक्त तो चालवत असत. त्या मुलाचा पत्ता आता कोणाकडेच नव्हता. माझ्या हाती उरली ती ४१२ ओळींची एक फाइल, जिच्यात खुलासा म्हणून एक शब्दही लिहिलेला नव्हता.

जुना संगणक पावसाच्या तोंडावर बंद पडला होता, म्हणून नव्या लॅपटॉपवर आधी पर्ल घालणे भाग होते. विंडोजसाठी स्ट्रॉबेरी पर्ल फुकट मिळते. ती फाइल शंभर एमबीहून मोठी आहे आणि आमच्याकडे रेंज फक्त मागच्या पडवीत येते, त्यामुळे ४ जूनच्या रात्री मी ती उतरवायला लावली आणि ५ तारखेला सकाळी घातली. येथे पहिला अर्धा दिवस वाया गेला. कमांडची काळी खिडकी मी आधीच उघडून ठेवली होती आणि तिच्यात काहीही टाइप केले तरी पर्ल सापडत नसल्याचेच उत्तर येत होते. पर्ल घातल्यानंतर ती खिडकी बंद करून नवी उघडावी लागते, कारण जुन्या खिडकीला नव्या प्रोग्रॅमचा मार्ग माहीत नसतो. नव्या खिडकीत आवृत्तीचा क्रमांक दिसला तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

त्यानंतर तारखांची आकडेमोड करणारे एक मॉड्यूल, म्हणजे पर्लला जोडायचा एक तयार भाग, सापडत नाही, असा एरर आला. तो वाचून मी घाबरले, कारण त्याखाली फोल्डरांची लांबलचक यादी होती. पर्लने ते मॉड्यूल कुठे कुठे शोधले, एवढेच ती यादी सांगत असते. मॉड्यूलचे नाव एररच्या पहिल्याच वाक्यात असते आणि स्ट्रॉबेरी पर्लसोबत येणाऱ्या सीपॅन-एम या आज्ञेला ते नाव दिले की ती ते उतरवून घेते. मध्ये दोन दिवस वीज नव्हती, त्यामुळे हे पाच मिनिटांचे काम ९ जूनला पूर्ण झाले. प्रोग्रॅम कोणताही एरर न देता चालला आणि मी याद्या छापल्या.

११ जूनला आमच्या वाडीतील एक वयस्कर काकी आपली यादी घ्यायला आल्या. त्यांच्याकडे स्वतःची वही असते. प्रत्येक गाडीला किती पेट्या दिल्या ते त्या रोजच्या रोज पेन्सिलीने लिहितात. वहीत ३१८ पेट्या होत्या आणि माझ्या कागदावर १२६. त्या रागावल्या नाहीत. "परत एकदा बघ गो, घाई नाय माका," एवढेच म्हणाल्या. त्या निघून गेल्यावर मी कितीतरी वेळ ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बसले होते. वर्षभराच्या मेहनतीच्या १९२ पेट्या कागदावरून नाहीशा झाल्या होत्या आणि संगणक त्याबद्दल काहीच बोलत नव्हता. एरर आला असता तर निदान शोधायला धागा मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी मी एका संगणक वर्गात गेले. तेथील शिक्षकांनी फाइल उघडूनही पाहिली नाही. पर्ल आता कोणी वापरत नाही, सगळे पायथन या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहून घ्या, सहा हजार रुपये होतील आणि दीड महिना लागेल, असे त्यांनी सांगितले. पर्ल जुनी आहे हे खरे आहे. लॅरी वॉल यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली आणि आज वापरात असलेली पाचवी पिढी १९९४ ची आहे. परंतु ती आजही जिवंत आहे, तिच्या नव्या आवृत्त्या निघतात आणि मजकुराच्या ओळी वाचून त्यांची मोजदाद करण्यासाठीच ती घडलेली आहे. शिवाय बेरीज का चुकते हे न कळता नवा प्रोग्रॅम लिहिला असता तर मूळ चूक कुठे होती हे समजलेच नसते, हे मला आता कळते. त्या दिवशी मात्र मी फक्त हिरमुसले होऊन परतले.

माझ्या आत्याच्या ओळखीचे एक निवृत्त अभियंता रत्नागिरीत राहतात. त्यांनी नोकरीत अनेक वर्षे पर्ल वापरली होती. १५ जूनला, रविवारी, मी एसटीने त्यांच्याकडे गेले. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे जाऊन-येऊन पन्नास रुपयांच्या आत काम झाले. मी मोठ्या तयारीने गेले होते: ४१२ ओळींची छापील प्रत आणि मोबाइलवर स्क्रीनचे अकरा फोटो. काकांनी सगळे शांतपणे चाळले आणि म्हणाले, "अगं, फोटो मला चालवून बघता येत नाही. आणि चारशे ओळी वाचून मी अंदाज सांगेन, तो चुकला तर तुझे आणखी आठ दिवस जातील. मला चालवता येईल असे काहीतरी दे."

मग त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर काय पाठवायचे ते लिहून दिले. बेरीज चुकवणारा प्रोग्रॅमचा सगळ्यात छोटा तुकडा, शक्यतो वीस ओळींच्या आत. त्याच फाइलच्या शेवटी, दुहेरी अधोरेषांच्या मधील डाटा या खुणेखाली, नमुन्याच्या चार-पाच ओळी, म्हणजे त्यांना वेगळी फाइल शोधावी लागणार नाही. काय उत्तर यायला हवे होते आणि काय आले, दोन्ही आकड्यांत. एरर असेल तर त्याचे शब्द जसेच्या तसे, आठवणीतून नव्हे. सभासदांची नावे आणि बँकेचे खाते क्रमांक पाठवण्यापूर्वी काढून टाकायचे, हे त्यांनी दोनदा बजावले. मदत मागण्याच्या घाईत आपण दुसऱ्यांची माहिती नकळत वाटून टाकतो, याकडे माझे लक्ष तोवर गेलेच नव्हते.

चारशे ओळींतून वीस ओळी काढायला मला चार संध्याकाळी लागल्या. फाइलची एक प्रत करून तिच्यातील एक भाग काढायचा, प्रोग्रॅम चालवायचा, आकडा अजून चुकतो आहे का पाहायचे. चुकत असेल तर तो भाग निर्दोष आहे असे समजून पुढे जायचे. छपाईचा भाग गेला, तारखांचा गेला, गाडीभाड्याचा गेला. शेवटी ओळ तोडणारी एक आज्ञा आणि बेरजेची एक आज्ञा, एवढेच उरले. १९ जूनला मी नमुन्याच्या चार ओळी नव्याने टाइप केल्या आणि काकांना मेल पाठवला.

त्यांच्याकडेही वीज नसल्यामुळे उत्तर २२ तारखेला आले: "तुझा नमुना बरोबर बेरीज देतो." मी तो चालवून पाहिला. खरोखर बरोबर होती. पाठवण्यापूर्वी एकदा चालवून बघण्याचे मी विसरले होते. पुढच्या वाक्यात त्यांनी लिहिले होते की याचा अर्थ दोष बेरजेत नसून खऱ्या ओळींत आहे, आणि ओळी टाइप केल्यामुळे मी तो दोष नकळत पुसून टाकला आहे. म्हणून खऱ्या फाइलमधूनच ओळी कापून चिकटवायच्या आणि फक्त नावाच्या जागी दुसरे काही घालायचे. मी तसे केले. या वेळी चारपैकी दोनच ओळींची बेरीज झाली आणि मी २३ जूनला दुसरा मेल पाठवला.

आता ते थेट उत्तर देतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी मात्र फाइलच्या माथ्यावर दोन ओळी लिहायला सांगितल्या, यूज स्ट्रिक्ट (कडक नियम लावणारी) आणि यूज वॉर्निंग्ज (इशारे दाखवणारी), आणि काय दिसते ते कळव म्हणाले. नवीन फाइल लिहिणार असशील तर यूज व्ही५.३६ ही एकच ओळ दोन्ही कामे करते, असेही सांगितले. नमुन्यात हे करणे सोपे होते. मूळ प्रोग्रॅममध्ये केले तेव्हा पानभर एरर आले, कारण त्यात एकही चल, म्हणजे किंमत साठवणारे नाव, माय हा शब्द लावून घोषित केलेले नव्हते. ते सगळे दुरुस्त करायला तीन दिवस गेले. ज्यांना जुना प्रोग्रॅम वारशात मिळाला आहे त्यांनी ते पान पाहून धीर सोडू नये. एररची संख्या मोठी दिसते, पण प्रत्येक चल पहिल्यांदा येते तेथे एक शब्द लावला की दहा-दहा एरर एकदम जातात. या कामात मला एक चुकीचे टाइप केलेले नावही सापडले, ज्यामुळे हमालीचा एक रकाना वर्षानुवर्षे शून्य धरला जात असावा.

२९ जूनच्या रात्री पहिल्यांदा संगणक बोलला. आर्ग्युमेंट इझन्ट न्यूमेरिक इन ॲडिशन, म्हणजे बेरजेसाठी दिलेली गोष्ट संख्या नाही, अशी वॉर्निंग ओळीच्या क्रमांकासह आली आणि अवतरणचिन्हांत अगम्य अक्षरांची रांग दिसली. तशा वॉर्निंगची मी मोजणी केली तर ती खूप मोठी भरली. काकींच्या १९२ पेट्या कुठे गेल्या असतील, याचा मला तेव्हा थोडा अंदाज आला.

पर्लची सगळी कागदपत्रे पर्लसोबतच संगणकावर येतात आणि इंटरनेट नसतानाही पर्लडॉक या आज्ञेने वाचता येतात, हे काकांनी पहिल्या भेटीत सांगितले होते. पावसाळ्यात आमच्यासारख्या ठिकाणी ही फार मोठी सोय आहे. पर्लडायग या भागात प्रत्येक एररचा आणि वॉर्निंगचा अर्थ लिहिलेला आहे, आणि नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे नऊ भाग आहेत. इंग्रजी जरा जड आहे, पण एका वेळी एकच परिच्छेद वाचला तर समजते. त्यातून एवढे कळले की बेरजेत शब्द आला तर पर्ल त्याच्या सुरुवातीचे आकडे धरते आणि आकडे नसतील तर शून्य धरून पुढे जाते. वॉर्निंग सुरू नसतील तर त्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

पण "१२" मध्ये तर आकडेच होते. मला ते स्पष्ट दिसत होते. ६ जुलैच्या रविवारी मी पुन्हा रत्नागिरीला गेले. काकांनी मला ऑर्ड नावाची आज्ञा दाखवली, जी अक्षराचा क्रमांक सांगते. चाललेल्या ओळीतील इंग्रजी एकचा क्रमांक ४९ आला. न चाललेल्या ओळीतील एकाच आकड्यासाठी तीन क्रमांक आले: २२४, १६५, १६७. तेव्हा त्यांनी विचारले, "या ओळी कोणी टाइप केल्या?"

उत्तर मला लगेच आठवले. हे काम माझ्याकडे येण्याआधी, एप्रिल-मेच्या गर्दीत, अर्ध्या पट्ट्या आधीच्या लेखनिकांनी संगणकावर टाइप केल्या होत्या आणि उरलेल्या मी मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर. माझे सगळे आकडे देवनागरी होते. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे एक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात, आणि फाइल कोणत्या पद्धतीची आहे हे प्रोग्रॅमला सांगितलेले नसल्यामुळे तो त्या तीन बाइटांना तीन वेगळी अक्षरे समजत होता. फाइल उघडण्याच्या आज्ञेत यूटीएफ-८ चा उल्लेख केल्यावर त्याच आकड्याचा एकच क्रमांक आला, २४०७, जो देवनागरी १ चा खरा क्रमांक आहे.

घरी येऊन मी दोन्ही गोष्टी केल्या. फाइल वाचताना पद्धत सांगितली आणि रकान्यात फक्त आकडेच आहेत ना, याची तपासणी घातली. सगळ्या ओळी तपासणीत उत्तीर्ण झाल्या. बेरीज मात्र १२६ च राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी फोन केला तेव्हा काकांनी जे सांगितले ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे: पर्लच्या लेखी "१२" हे अंक आहेत, पण ती संख्या नाही. अंक ओळखणाऱ्या खुणेला जगातील अनेक लिपींचे अंक कळतात, आपलेही कळतात; बेरीज करणाऱ्या यंत्रणेला मात्र फक्त इंग्रजी अंक कळतात. त्यामुळे तपासणी होकार देते आणि बेरीज शून्य धरते. मराठीत हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण या ठिकाणी चूक झाली तरी सगळे सुरळीत चालल्यासारखे दिसते.

उपाय एका ओळीचा होता. टीआर ही आज्ञा एका यादीतील अक्षरांच्या जागी दुसऱ्या यादीतील अक्षरे ठेवते; पहिल्या यादीत देवनागरी शून्य ते नऊ, दुसऱ्या यादीत इंग्रजी शून्य ते नऊ. मी ती लिहिली आणि काहीच बदलले नाही. या वेळी मी काकांना लगेच विचारले नाही. चार ओळींचा नमुना तयार केला, पर्लडॉकमध्ये युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, भाग वाचला आणि तासाभराने समजले की प्रोग्रॅमच्या मजकुरातच देवनागरी अक्षरे लिहायची असतील तर माथ्यावर यूज यूटीएफ८ ही ओळ लागते. डेटाच्या फाइलची पद्धत सांगणे वेगळे आणि प्रोग्रॅमच्या फाइलची पद्धत सांगणे वेगळे. ८ जुलैला संध्याकाळी सव्वासातला स्क्रीनवर ३१८ आले. मी तशीच छत्री घेऊन काकींच्या घरी गेले आणि त्यांना सांगून आले.

पुढचे दोन आठवडे पडताळणीचे होते. वीस सभासद निवडून त्यांच्या मूळ पट्ट्या हाताने बेरजेस घेतल्या. छपाईच्या वेळी वाइड कॅरॅक्टर इन प्रिंट अशी वॉर्निंग येत होती, ती बाहेर जाणाऱ्या मजकुराचीही पद्धत सांगितल्यावर गेली. २९ जुलैला यादी लेखापरीक्षकांकडे दिली. त्यांनी आधीच्या छापील यादीतील आणि या यादीतील फरकाचे कारण लेखी मागितले, ते मी दीड पानात दिले, आणि हमालीच्या त्या रकान्याबद्दलही लिहिले. खर्च म्हणाल तर इंटरनेटचे दोन जादा पॅक, दोन वेळचे एसटीभाडे आणि झेरॉक्स धरून साडेचारशे रुपयांच्या आसपास गेला. काकांनी पैसे घेतले नाहीत. घरच्या कोकम आगळाची बाटली मात्र ठेवून घेतली.

५ ऑगस्टला एक गोष्ट नव्याने लक्षात आली. अंतिम यादीत एका सभासदाचे नाव दोनदा आले होते, दोन वेगळ्या बेरजांसह, आणि दोन्ही नावे डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसत होती. आडनावात ऱ्ह होता. मी दोन्ही नावांच्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक छापला. एकात २३५३ आणि २३८१ होते. दुसऱ्यात २३५२, २३८१ आणि मग ८२०५, जो डोळ्यांना न दिसणारा जोडणारा वर्ण आहे. एका कीबोर्डने ऱ हे अक्षर वापरले होते आणि दुसऱ्याने र च्या पुढे तो अदृश्य वर्ण ठेवला होता. दोन्हीचे एकच करणारी ओळ मला आता लिहिता आली असती. तरीही सहा ओळींचा नमुना, अपेक्षित उत्तर आणि आलेले उत्तर असे काकांना पाठवले आणि विचारले की ही दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये करावी की फाइलमध्ये. त्यांचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले: "नावावर बेरीज करूच नकोस. तुमच्या संस्थेत सभासद क्रमांक असतो ना?"

तो असतो. भाग दाखल्यावर, पासबुकावर, सगळीकडे असतो. फक्त पट्ट्यांच्या फाइलमध्ये नव्हता. १२ ऑगस्टपासून मी जुन्या ओळींना सभासद क्रमांकाचा रकाना जोडत आहे. रोज शंभर ओळी होतात, आणि टाइप करताना कीबोर्ड कोणता लावला आहे ते आधी पाहते.